संशय कर्त्याचा आणि संशय कृतीचा

नवोदित कथाकाराला आपण आजवर दोन उपदेश करीत आलो आहोत : आत्मविश्वास बाळगावा आणि सतत लिहीत राहावे. दोन्ही उपदेश निरुपद्रवी आहेत, आणि बहुधा त्यामुळेच निरुपयोगीही. ज्याला आपल्या लेखनाविषयी संशय वाटतो त्याला संशय बाळगू नकोस असे सांगणे, हे तापाने फणफणलेल्या माणसाला अंग थंड ठेव म्हणण्यासारखे आहे. शिवाय ज्याला स्वतःच्या लेखनाविषयी कधीच संशय वाटत नाही असा लेखक वाङ्मयाला फारसे काही देत नाही, हा परीक्षक म्हणून आणि वाचक म्हणून आपल्यापैकी अनेकांचा अनुभव असेल. तेव्हा संशय कसा घालवावा यापेक्षा त्याने कोठे वसावे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

या प्रश्नाकडे मी एका चुकीमुळे वळलो, आणि ती येथे सांगणे भाग आहे. महाराष्ट्राबाहेर मराठी शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने आपल्या कादंबरीची पहिली ऐंशी पाने मला वाचावयास दिली. घर मराठी, शाळा हिंदी आणि बाजार तेलुगू अशा वातावरणात तो वाढला होता, आणि त्याची पात्रेही तशीच बोलत होती. मी ती पाने बारकाईने वाचली व तांबड्या शाईने दुरुस्त केली. विभक्तिप्रत्यय चुकला तेथे खूण, लिंग चुकले तेथे खूण, हिंदीची छाया दिसली तेथे दुहेरी खूण. पाने परत घेताना त्याने एकच विचारले, “सर, म्हणजे मला मराठी येतच नाही का?” मी काहीतरी सांत्वनपर बोललो. कादंबरी पुढे गेली नाही. ती चांगली होती की वाईट हे मला आज सांगता येत नाही, कारण कादंबरी म्हणून मी ती वाचलीच नव्हती.

तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या मनात कृतीविषयीचा संशय होता. गेला तेव्हा कर्त्याविषयीचा. या दोन संशयांमध्ये जातीचा भेद आहे. हे पात्र या प्रसंगी असे बोलेल काय, हा प्रसंग निवेदकाला कळलाच कसा, हे प्रकरण गाळले तर कथेची हानी होईल काय, हे कृतीविषयीचे प्रश्न झाले. ते छळणारे असले तरी त्यांना उत्तर असते, आणि ते उत्तर लिहूनच मिळते. ‘मी लेखक आहे काय?’ या प्रश्नाला मात्र लिहून उत्तर मिळत नाही. दहा पुस्तकांनंतरही तो तसाच उभा राहतो. अकराव्या पुस्तकाच्या कोऱ्या कागदापाशी मागील दहांची साक्ष चालत नाही. पहिला संशय लेखणीला कामाला लावतो, दुसरा ती हातातून काढून घेतो.

निर्मितिप्रक्रियेच्या अंगाने हा प्रश्न आपल्याकडे ज्यांनी फार खोलवर तपासला त्यांत गजानन माधव मुक्तिबोध यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९१७ साली ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते हिंदीत लिहू लागले. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत कवी व कादंबरीकार झाले. ‘एक साहित्यिक की डायरी’ या पुस्तकातील ‘तीसरा क्षण’ या लेखात मुक्तिबोधांनी कलेचे तीन क्षण कल्पिले आहेत. पहिला, जीवनातील उत्कट अनुभवाचा. दुसरा, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून डोळ्यांपुढे एका ‘फँटसी’चे रूप घेतो त्याचा. तिसरा, ती फँटसी शब्दबद्ध होऊ लागते तेथपासून कृती पूर्ण होईपर्यंतचा. मुक्तिबोधांचा आग्रह असा की, या तिसऱ्या क्षणात फँटसी जशीच्या तशी उतरत नाही. शब्दांना त्यांचे स्वतःचे अर्थ आणि त्यांची स्वतःची परंपरा असते. त्यांच्याशी झगडताना मूळ चित्र बदलते, क्वचित समृद्धही होते.

होतकरू कथाकाराचा धीर सुटतो तो नेमका या दुसऱ्या आणि तिसऱ्या क्षणांच्या सीमेवर. मनात जे लखलखीत दिसले होते ते कागदावर उतरताना मंद दिसू लागते, आणि ‘हे माझ्या आवाक्यातले नाही’ असा निष्कर्ष तो काढतो. मुक्तिबोधांचे विवेचन मान्य केले तर हा निष्कर्ष घाईचा ठरतो. मनातले आणि कागदावरचे यांत अंतर पडणे हा तिसऱ्या क्षणाचा स्वभावच आहे. ते अंतर लेखकाच्या अपात्रतेचा पुरावा होऊ शकत नाही. तिसरा क्षण सुरू झाला आहे, एवढेच ते सांगते.

हे लिहिणाऱ्या मुक्तिबोधांच्या वाट्याला काय आले, हेही विसरता कामा नये. १९५८ पासून ते राजनांदगाव येथील महाविद्यालयात शिकवीत होते. १९६२ मध्ये त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह १९६४ मध्ये निघाला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचे निधन झाले. छापील संग्रह त्यांना पाहता आला नाही. ‘अँधेरे में’ ही दीर्घ कविता हैदराबादच्या ‘कल्पना’ मासिकात त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली ती ‘आशंका के द्वीप’ या शब्दांसह. ‘काठ का सपना’ हा कथासंग्रह १९६७ चा. उपेक्षेमुळे प्रतिभा परिपक्व होते असा भाबडा अर्थ यातून कोणी काढू नये; उपेक्षेची किंमत त्यांनी आणि त्यांच्या कुटुंबाने मोजली. इतकेच म्हणता येते की, आपण कोण आहोत या प्रश्नाचा निकाल लागण्याची वाट न पाहता ते समोरच्या रचनेशी झगडत राहिले.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. आत्मसंशय हा लेखकाच्या स्वभावाचा प्रश्न आहे, त्यात इतरांनी काय करावे, असे कोणी म्हणेल. हे अर्धसत्य आहे. कर्त्याविषयीचा संशय पुष्कळदा बाहेरून येतो, आणि तो सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकरांना ‘विभावरी शिरूरकर’ या नावाआड उभे राहावे लागले, ते काही वाक्यरचनेविषयी शंका होती म्हणून नव्हे. उद्धव शेळके यांनी १९६० मध्ये ‘धग’मध्ये वऱ्हाडी बोली आणली, बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आणि भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही दोन्ही पुस्तके १९६३ ची. ही भाषा, हे जगणे, हा उच्चार लिहिण्याजोगा आहे काय, या प्रश्नाचे उत्तर या कृतींनी दिले. परंतु तो प्रश्न कोणीतरी आधी घालून ठेवला होता. माझी तांबडी शाई त्याच परंपरेतली. बृहन्महाराष्ट्रातल्या मुलाची मराठी अशुद्ध ठरवताना त्याच्या पात्रांची मराठी हीच त्या कादंबरीची सामग्री असू शकते, हे मला सुचले नाही.

लेखनात टिकून राहण्याचा प्रश्नही केवळ मनोबलाचा नाही. हरिभाऊ आपटे यांचे ‘करमणूक’ १८९० मध्ये सुरू झाले, आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही त्यांची कादंबरी त्यातून क्रमशः आली. साप्ताहिकाचा अंक निघायचाच असतो. तेथे स्फूर्तीला सुटी नसते. त्या बंधनाने काही कृती विस्कळीत झाल्या, काही अपुऱ्याही राहिल्या, हे खरे. तरी पुढचे प्रकरण मागणारा वाचक समोर असणे ही संशयावरची मोठी मात्रा होती. पुढे ‘सत्यकथे’ने वेगळ्या रीतीने हे काम केले. तिचे संपादक कथा परत पाठवताना तीत काय जमले आणि काय राहिले याविषयी सविस्तर पत्रे लिहीत. ‘सत्यकथे’च्या अभिरुचीच्या मर्यादा होत्या, १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या चळवळीतील तरुणांनी तिची जाहीर होळी केली, ती अकारण नव्हती. परंतु १९८२ मध्ये ती बंद पडली तेव्हा कृतीविषयीचा संशय जेथे पाठवता येई असा एक पत्ताच नाहीसा झाला. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत लिहिणाऱ्याला ही उणीव दुप्पट जाणवते.

भारतीय साहित्यांचा अभ्यास करणाऱ्या विभागांनी येथे आपली जबाबदारी ओळखली पाहिजे. आपण विद्यार्थ्यांपुढे केवळ सिद्ध कृती ठेवतो. तो मग आपला पहिला खर्डा दुसऱ्याच्या अखेरच्या संहितेशी ताडून पाहतो आणि खचतो. १९८० मध्ये सहा खंडांत निघालेल्या मुक्तिबोध रचनावलीत त्यांचे अपुरे लेखनही समाविष्ट झाले. असे साहित्य शोधनिबंधाच्या तळटीपेपुरते न ठेवता वर्गात वाचले गेले पाहिजे. थोर लेखकाचे वाक्यही अडखळते, हे दिसले पाहिजे. यामुळे सामान्य लेखनाला उत्तेजन मिळेल, ही भीती निराधार आहे. कृतीची कठोर चिकित्सा जरूर करावी. ती लेखकाचा सन्मानच करते. मात्र तिचा रोख वाक्यावर, प्रसंगावर, पात्रावर असावा.

आणि लेखकाने? ‘मी लेखक आहे काय’ हा प्रश्न मनात आला की त्याला उद्याच्या पानावरचा एखादा लहान प्रश्न करून टाकावे. म्हातारी दार उघडते की नाही, एवढाच. त्याचे उत्तर लिहिता येते, आणि लिहून झाले की दुसरा लहान प्रश्न उभा राहतो. कादंबऱ्या अशाच पूर्ण होतात.

ती ऐंशी पाने पुन्हा माझ्यासमोर आली, तर प्रथम लेखणीला टोपण घालून मी ती वाचीन. आणि मग पुढे काय झाले, एवढेच विचारीन.