ऋण काढून सण

ऋण काढून सण साजरा करू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. कर्ज काढणाऱ्याचा त्यांना एवढा राग नसे. फेडण्याचे काम नातवावर सोपवून खुशाल फराळाला बसणाऱ्याचा असे. असल्याच एका सणाची आज झाडाझडती घ्यायची आहे.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर सेलाफील्ड येथे सुमारे १४० टन प्लुटोनियम कडक पहाऱ्यात पडून आहे. अणुभट्ट्यांतील वापरलेल्या इंधनातून ते वेगळे काढले, कशासाठी? तर उद्या येणाऱ्या वेगवान अणुभट्ट्यांना सरपण म्हणून! तो उद्या उजाडलाच नाही. स्कॉटलंडातील डूनरे येथली अशी अखेरची भट्टी १९९४ साली विझली. सरपण रचून ठेवले आणि चूलच मोडली! शेवटी जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने ठरवले की, हे द्रव्य घट्ट बांधून खोल जमिनीत पुरावे.

पुरले म्हणजे फिटले काय? हे प्लुटोनियम निम्मे व्हायला २४ हजार वर्षे लागतात. माणूस लिहायला शिकून जेमतेम पाच हजार वर्षे झाली. त्या खड्ड्यावरची 'धोका' ही पाटी कोण वाचणार आणि कोणत्या लिपीत? मुळाक्षरे गिरवून घेणाऱ्या माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तरालाही ही चिंता पडते. मग ती मुत्सद्द्यांना का पडू नये?

उपाय नाही असे नाही. नेहमीच्या भट्टीत पाण्याने किंवा ग्रॅफाइटने न्यूट्रॉनचा वेग मारलेला असतो. असा मंद न्यूट्रॉन काही अणू फोडतो. पण काही अणू त्यालाच गिळून अधिक जड, अधिक चिवट होऊन बसतात. वेगवान न्यूट्रॉनच्या तडाख्याने हे चिवट अणूही फुटतात आणि वर वीज मिळते. मागे उरणाऱ्या सीझियम, स्ट्रॉन्शियमसारख्या तुकड्यांचा जोर दर तीस वर्षांनी निम्मा होतो. म्हणजे तीनशे वर्षांत हजारावा हिस्सा! टेक्नेशियमसारखी थोडी दीर्घायुषी राख उरतेच, आणि तिच्यासाठी खड्डाही लागेलच. पण राख पुरणे वेगळे आणि निखारा पुरणे वेगळे.

कुणी म्हणेल, "मास्तर, त्या भट्टीत सोडियम खेळवतात, हवा लागली की तो पेटतो. जपानच्या मोंजूचे काय झाले?" खरे आहे. १९९५ च्या गळतीनंतर मोंजू पुन्हा धड उभी राहिली नाही. २०१६ साली तिला मूठमाती देण्याचे ठरले. पण रशियात बेलोयार्स्क येथे अशी एक भट्टी १९८० पासून वीज देत आली आहे. तिच्या शेजारच्या नव्या भट्टीत तर २०२२ साली सगळेच इंधन प्लुटोनियममिश्रित भरले. काम अवघड आहे, खर्चाचे आहे. एका भरणीत संपणारेही नाही. काढा, निवडा, पुन्हा भरा, असे ते दशकानुदशके चालायचे. पण कर्जफेड कधी एका हप्त्यात झाली आहे?

माझी अट मात्र एकच. याच भट्टीभोवती युरेनियमचे आवरण घातले, की ती जाळते त्याहून अधिक प्लुटोनियम प्रसवू शकते. म्हणून आराखडा कागदावर उतरण्यापूर्वी जाहीर करा: भट्टी जाळायला बांधता, की वाढवायला? फेडीच्या नावाखाली नवे कर्ज काढणारा सावकाराला फसवीत नाही, स्वतःच्या नातवाला फसवतो.

हा उपदेश परक्यांपुरता नाही. तारापूरची वीज १९६९ पासून आपल्याकडे येत आली आहे आणि कल्पाक्कमची नवी वेगवान भट्टी वाढवणाऱ्यांपैकी आहे. दिवाळीत आपण माळ्यावरची अडगळ खाली काढतो, ती पोरांसाठी ठेवून जात नाही. दिवे जरूर लावा. पण दिव्याखालचा अंधार कोणाच्या वाट्याला ठेवला आहे, एवढे एकदा वाकून पाहा.