रीलमधलं कार्नेशन, खिडकीतला डायन्थस

दिवाळी संपली की फीडवर एक ठरावीक रील फिरायला लागते. पांढरी खिडकी, कॉफीचा मग आणि मागे झालरीच्या पाकळ्यांची गुलाबी फुलं. दोन वर्षांपूर्वी मीही तिला भुलले आणि फुललेल्या कार्नेशनची कुंडी घरी आणली. पंधरा दिवसांत कळ्या न उघडताच तपकिरी झाल्या. ‘आपला हातच चांगला नाही’ म्हणून मी विषय संपवला. आता वाटतं, हात ठीक होता, निवड चुकली होती.

कार्नेशन, स्वीट विल्यम, चायना पिंक ही सगळी डायन्थसचीच भावंडं. पण स्वभाव वेगळे. कार्नेशनला थंड रात्री लागतात, म्हणून तर पुणे जिल्ह्यातले शेतकरी ते पॉलिहाऊसमध्ये घेतात. स्वीट विल्यम बहुतेक वेळा पहिल्या वर्षी नुसती पानं काढतं, एक कडक थंडी खातं आणि मग फुलतं. आणि आपली थंडी? जानेवारीत पारा १६-१७ अंशांवर आला की अख्खी घणसोली स्वेटर काढते! या झाडाच्या दृष्टीने तो हिवाळाच नाही.

राहिलं चायना पिंक, म्हणजे डायन्थस चायनेन्सिस. जेमतेम वीतभर उंची, आणि पेरल्यापासून अडीच-तीन महिन्यांत फूल. त्याचा आणि स्वीट विल्यमचा संकर असलेल्या ‘टेलस्टार’सारख्या जाती थोडा उकाडाही सोसतात. माझं मत स्पष्ट आहे : गावठाणातल्या खिडकीसाठी या दोनच, बाकी सगळं फोटोत बघा.

संकरावरून आठवलं. माणसाने मुद्दाम केलेला फुलझाडांचा पहिला नोंदलेला संकर डायन्थसचाच. लंडनच्या थॉमस फेअरचाइल्ड या माळ्याने १७१७च्या सुमारास कार्नेशन आणि स्वीट विल्यम यांचा मेळ घातला. ते रोप वांझ निघालं, म्हणून लोकांनी त्याला ‘फेअरचाइल्डचं खेचर’ म्हटलं. आणि ‘पिंक’ हे आधी या फुलाचं इंग्रजी नाव, रंगाचं नंतर. बॉटनीवाल्यांनी व्हायव्हाला वापरा.

आता आमची खिडकी. सत्तरच्या दशकापासून शहर वसवायला ९५ गावांच्या जमिनी गेल्या, त्यात घणसोलीही होतं. आजीने जिथे भात लावला, तिथे आज टॉवर आहेत. आमच्या वाट्याची माती म्हणजे ग्रिलमधल्या पाच कुंड्या. त्यामुळे त्यात काय लावायचं, हा प्रश्न मला डेकोरेशनचा वाटत नाही. फुललेलं रोप आणायचं, स्टोरी टाकायची, सुकलं की मातीसकट कचऱ्यात, हे तर मला आता बघवतच नाही.

म्हणून बी पेरा. पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. आठ-दहा दिवसांत कोंब येतात. रोप चार बोटांचं झालं की शेंडा खुडा, जीवावर आलं तरी खुडा, नाहीतर एकच काडी वर जाते. नुसतं कोकोपीट नको, ते ओलं राहतं आणि बुंधा कुजतो. नर्सरीतल्या लाल मातीवरही भागत नाही, कारण ती बहुधा आम्लधर्मी असते आणि डायन्थसला ते मानवत नाही. मी माती, शेणखत, जाड वाळू आणि मूठभर राख मिसळते. पाणी वरचा थर सुकल्यावरच. आणि कुंडीखाली थाळी हवीच! आमच्या गल्लीत दोन घरांत हातभर अंतर. एकदा माझं पाणी खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या जवळ्यावर गेलं, आठवडाभर बोलणं बंद होतं.

सुकलेली फुलं देठासकट काढत राहिलात तर मार्चपर्यंत बहर टिकतो. नंतर उकाडा वाढतो आणि रोप बसतं. त्याला वाचवायच्या भानगडीत पडू नका. इथे ते एका हंगामाचंच आहे. माती उन्हात तापवा, पुढच्या वर्षी तीच वापरा.

आजीचा मात्र विरोध आहे. ‘वास नाय, केसात माळता येत नाय, मंग लावलंस कशाला?’ तिचं म्हणणं अर्धं खरं आहे. या फुलांना वास जवळजवळ नसतोच. अबोली लावली असती तर वर्षानुवर्षं फुलली असती. पण दक्षिणेकडच्या माझ्या खिडकीत ऊन येतं ते फक्त हिवाळ्यात, सूर्य खाली सरकल्यावर, चार-पाच तास. नेमका तेवढाच काळ डायन्थसला पुरतो. बाकीचे महिने त्या कुंड्यांत कोथिंबीर किंवा काहीच नसतं.

यंदा समोरच्या घरावर आणखी एक स्लॅब पडतोय. सळया उभ्या राहिल्यात. त्यांनाही घर हवंय, दोन पोरांची लग्नं झालीत, भांडायचं कुणाशी? डिसेंबरपर्यंत खिडकीत ऊन किती उरेल याचा अंदाज येईना, म्हणून अर्धं बी मी गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी पेरलंय. परवा बघितलं तर त्यातल्या एका कुंडीत आजीने मधोमध अबोलीचं रोप खोचून ठेवलंय.