संगणकाला थिगळ कोणी लावावे?



समजा, मेळघाटातील सेमाडोहच्या शाळेत लिनक्सवर चालणारे चार संगणक आहेत. त्यांतील एखाद्या आज्ञावलीत सुरक्षेचा दोष निघाला, तर परतवाड्याहून घाट चढून जाणकार येईपर्यंत तो तसाच राहू द्यायचा काय? माझे मत असे की, ही दुरुस्ती माणसाच्या आठवणीवर सोडू नये. ती यंत्राकडेच सोपवावी. मात्र काही अटींवर.

अशा दुरुस्तीला पॅच, म्हणजे थिगळ म्हणतात. विंडोजमधील एका दोषावरचे थिगळ मार्च २०१७ मध्येच निघाले होते. तरीही जूनमध्ये नॉटपेट्या ही घातक आज्ञावली ज्या वाटांनी पसरली, त्यांत हा दोष होताच. आपल्या न्हावाशेवा येथील बंदरातील एका टर्मिनलचे कामही तिने ठप्प केले. पण दुसरी बाजूही पाहा. ती प्रथम शिरली, ती युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या सुधारणेतूनच! म्हणजे थिगळ न लावणे जसे धोक्याचे, तसेच डोळे मिटून लावणेही.

लिनक्स व त्यावरील हजारो पॅकेजेस एकत्र देणाऱ्या संचाला वितरण म्हणतात. डेबियन हे असेच एक वितरण. त्याच्या पॅकेजांच्या सूचीवर सांकेतिक सही असते आणि सूचीत प्रत्येक पॅकेजचा गणिताने काढलेला ठसा असतो. वाटेत एक अक्षर जरी बदलले, तरी ठसा जुळत नाही व संगणक ते पॅकेज नाकारतो.

परंतु सही फक्त पाठवणारा कोण, एवढेच सांगते. एक्सझेड या पॅकेजात त्याच्या एका अधिकृत देखभालकर्त्यानेच चोरवाट ठेवल्याचे मार्च २०२४ मध्ये उघड झाले. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे शोधताना अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ती सापडली. डेबियनच्या चाचणी आवृत्तीत ती पोहोचली होती. स्थिर आवृत्तीत नव्हती.

म्हणून अटी अशा: स्थिर आवृत्ती वापरावी. सुरक्षेची थिगळे तेवढी आपोआप लावावीत. ती आधी एकाच संगणकावर लावावीत व दोन दिवस ठीक चालल्यास उरलेल्या तिघांवर. नवी आवृत्ती मात्र शिक्षकांनी सुटीत, माहितीची प्रत काढूनच घालावी. लिनक्सच्या गाभ्याचे थिगळ साधारणतः संगणक पुन्हा सुरू केल्यावरच लागू होते, हेही ध्यानात असू द्या.

यंत्र काय काय लावले, याची नोंद ठेवते. ती आठवड्यातून एकदा वाचण्याचे काम तुमच्यापैकी एकाने अवश्य घ्यावे.