होडीचे अस्तर : आधी खालचे ओळखा

जून-जुलैची मासेमारी बंदी संपत आली की शाकारून ठेवलेल्या लाकडी होड्यांवरची झापे निघतात आणि रंगाच्या दुकानात गर्दी होते. "एक डबा प्रायमर द्या." कुठला? "तोच, लाल, स्वस्तातला." बांधवांनो, तो लाल रेड ऑक्साइड प्रायमर लोखंडाला गंज धरू नये म्हणून असतो. लाकडाला गंज कुठून चढणार? पुढे पापुद्रे सुटले की आपण रंगाला शिव्या घालतो.

प्रायमर निवडताना किंमत मागाहून पाहावी. आधी हे पाहावे की लाकडावर आज काय आहे आणि वर काय चढणार आहे. जुन्या साध्या ऑइल पेंटवर दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर मारला तर त्यातला जहाल थिनर खालचा थर उचकटतो, सुरकुत्या पडतात. उलट इपॉक्सीवर साधा ऑइल पेंट थेट मारला तर तो पुष्कळदा चिकटच राहतो. डांबर लावलेल्या फळीवर पांढरा रंग दिलात तर चार दिवसांत तपकिरी डाग वर आलेच म्हणून समजा. आणि वाडवडिलांच्या काळापासून माशाचे तेल पिऊन बसलेले लाकूड? त्यावर इपॉक्सी धरत नाही. अशा होडीला तेलच देत राहावे असे माझे स्पष्ट मत आहे. नव्याच्या नादी लागून पैसा पाण्यात जातो.

जुना रंग कोणत्या जातीचा हे आठवत नसेल, तर फडके थिनरमध्ये भिजवून रंगावर थोडा वेळ दाबून धरा. रंग मऊ पडला, फुगला किंवा फडक्याला लागला तर तो साधा, त्यावर इपॉक्सी नको. काहीच झाले नाही तर बहुधा दोन डब्यांचा. मग वितभर जागेवर नवा प्रायमर व रंग लावून वाळू द्या, चाकूने फुली मारा, चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढा. रंग पट्टीबरोबर आला तर तो डबा परत करा.

पाण्याखालच्या भागाची गोष्ट वेगळी. घराच्या दारे-खिडक्यांचा वुड प्रायमर सतत पाण्यात टिकत नाही. तिथे शिंपले-शेवाळ रोखणारा रंग आणि त्याच कंपनीने त्यासाठी सांगितलेला प्रायमर, थिनरही त्यांचाच.

ओल हा तर मोठा शत्रू. श्रावणात हाताला कोरडी लागणारी फळी आतून ओली असते. नारळी पौर्णिमेची घाई कळते, पण खरवडून ठेवलेल्या लाकडाला चार उन्हे मिळाल्याशिवाय ब्रश हातात घेऊ नये.

यात दुकानदाराचीही जबाबदारी आहेच. डब्यावरची बारीक इंग्रजी अक्षरे किती तांडेलांनी वाचायची? प्रायमर, रंग आणि थिनर हे जुळणारे त्रिकूट मच्छीमार सोसायट्यांनी एकदम मागवावे, सोबत मराठीत चिठ्ठी द्यावी आणि कोणत्या होडीला कोणत्या साली काय लावले याची वही ठेवावी. डिझेलची नोंद होते, मग रंगाची का नको?