दोष नशिबाचा की रस्त्याचा?

मराठीत ‘अपघात’ हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. अंगावर वीज पडली तरी अपघात, आणि रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला भरधाव ट्रकने उडवले तरी अपघातच! शब्द एकच असल्यामुळे दोहोंची वासलातही आपण एकाच वाक्यात लावतो : ‘त्याची वेळ भरली होती.’ माणूस वाचलाच, तर ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.’ घरात मरण आले असता कुणी नशिबाचा आधार शोधला, तर त्यात गैर काही नाही. दुःख सोसायला तो उपयोगी पडतो. पण तोच आधार रस्ता बांधणाऱ्याने, त्याची देखरेख करणाऱ्याने आणि त्यावरून गाडी हाकणाऱ्याने घेतला, तर त्याला पळवाट म्हणावे लागेल.

मी गडबचा. शिकायला पेणला येतो. मुंबई-गोवा महामार्ग हीच आमची येण्याजाण्याची वाट. त्याचा क्रमांक पूर्वी १७ होता, आता ६६ आहे. वडखळ नाक्यावर अलिबागचा रस्ता फुटतो आणि पुढे नागोठण्यापर्यंतच्या टापूत डोलवी, गडब, आमटेम, कासू अशी गावे या रस्त्याला लागून आहेत. मुंबईहून निघालेल्या चाकरमान्याला ही नुसती पाट्यांवरची नावे. आम्हाला मात्र हा रस्ता गल्लीसारखा आहे. त्याच्या कडेने शाळेत जायचे, एस. टी.ची वाट पाहायची, भाजी घ्यायची. कुणाचे घर अलीकडे तर कुणाचे शेत पलीकडे. त्याच रस्त्यावरून डोलवीच्या पोलाद कारखान्याची आणि धरमतरच्या बंदराची अवजड वाहने जातात. गणपतीत तर अर्धी मुंबई कोकणात उतरते. एकाच रस्त्याला आपण महामार्ग आणि गल्ली अशी दोन्ही कामे करायला लावली आहेत. खरे दुखणे इथे आहे.

पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या पट्ट्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. त्या काळात खड्डे, अर्धवट वळणे, रात्री न दिसणारे मातीचे ढीग यांनी किती घरे बसवली, ते या रस्त्यावरच्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. पण रस्ता गुळगुळीत झाला म्हणजे प्रश्न सुटला, असे समजणे भाबडेपणाचे आहे. थोडे गणित करून पाहू. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. डोक्यावर भारा घेतलेल्या म्हातारीला एका बाजूचे दोन पट्टे ओलांडायला आठ सेकंद लागतात असे धरले, तर तेवढ्यात ती गाडी पावणेदोनशे मीटर पुढे आलेली असते. इतक्या लांबच्या गाडीचा वेग संध्याकाळच्या अंधारात त्या म्हातारीने डोळ्यांनी कसा जोखावा? खड्ड्यांचा रस्ता गाडीतल्याला मारतो. चांगला रस्ता, वेगाला लगाम नसेल, तर पायी चालणाऱ्याला मारतो.

यावर ठरलेले उत्तर असे की, आपल्या लोकांना शिस्त नाही. या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, ते नाकारू नये. दारू पिऊन मोटारसायकल हाकणारे, उलट्या दिशेने येणारे, एका गाडीवर चौघे बसणारे आमच्याच आळीतले असतात. पण शिस्त पाळायची तरी सोय हवी ना? पायवाट नसलेल्या रस्त्यावर डावीकडून चाला म्हणून सांगण्यात काय अर्थ आहे? ओलांडायची जागा एक किलोमीटर लांब ठेवली, तर माणूस दुभाजकावरून उडी मारणारच. कारण तो पायी आहे आणि दमलेला आहे. माणसे चुकणार हे धरूनच रस्ता बांधला पाहिजे. चुकीची शिक्षा मरण असू नये.

ही कल्पना नवी नाही. १९९७ साली स्वीडनच्या संसदेने, रस्त्यावर एकही माणूस मरता कामा नये, हे धोरण म्हणून स्वीकारले. साडेसहा लाखांहून अधिक वस्तीच्या हेलसिंकी शहरात जुलै २०२४ ते जुलै २०२५ या वर्षभरात रस्त्यावर एकही बळी गेला नाही. तिथे चमत्कार झाला नाही. निम्म्याहून अधिक रस्त्यांवर वेग ताशी ३० किलोमीटरवर आणला, पादचाऱ्यांच्या वाटा सुधारल्या आणि नियम मोडणाऱ्याला पकडले, इतकेच. ‘ते फिनलंड, आपण कुठे!’ असे कुणी म्हणेल. मग घरचेच उदाहरण घेऊ. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे दगावली. तेव्हापासून प्रत्येक अपघाताची कारणे तपासून उघडे खडक आणि खांब कठड्यांनी झाकणे, कडेला उभे राहणारे ट्रक हटवणे, वेगावर नजर ठेवणे, जखमींना लवकर उचलणे असे उपाय झाले. २०१९ साली तो आकडा ९२ वर आला. अजूनही तो शून्य नाही. पण ही सगळी माणसे नशिबाने मरत होती, तर मग नशीब इतके बदलले कसे?

देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी शंभरात चव्वेचाळीस दुचाकीवरची होती आणि जवळजवळ वीस पायी चालणारी. मोटारीत बसून वेगाचे सुख घेणारे वेगळे आणि त्याची किंमत मोजणारे बहुतेक वेगळे, असा हा हिशेब आहे.

मग आपल्या टापूत काय करावे? वस्तीच्या हद्दीत वेग ताशी ४० वर आणावा आणि तो नुसत्या पाटीने नव्हे, तर कॅमेऱ्याने व दंडाने राखावा. वेग निम्मा झाला की टकरीचा जोर चौथाईवर येतो, हे शाळेतले विज्ञान आहे. ओलांडायची जागा नकाशा पाहून न ठरवता गावकऱ्यांच्या पायांनी पडलेल्या वाटा पाहून ठरवावी. भुयारी वाट केली, तर पावसाळ्यात तिच्यात पाणी साचणार नाही आणि रात्री दिवा लागेल, हेही पाहावे. एस. टी.चा थांबा मुख्य रस्त्यापासून बाजूला असावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९८-अ हे कलम आले. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरल्याप्रमाणे न केल्याने कुणी दगावले, तर जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंडाची त्यात तरतूद आहे. गावांनी हे कलम वाचायला हवे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल दोन एस. टी. गाड्यांसह वाहून गेला, तेव्हाही आपण पुराला बोल लावला. पूर आला होता, हे खरेच. पण पुलाचे वय माणसांना ठाऊक होते.

दुसरी गोष्ट मदतीची. जखमी माणसाभोवती गर्दी जमते, पण हात लावायला कुणी धजत नाही. पोलिसांचे लचांड मागे लागेल, ही भीती. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ साली कायद्यानेच मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही. २०२५ च्या मे महिन्यापासून रस्त्यावरील जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या विनारोकड उपचारांची योजनाही लागू झाली आहे. या गोष्टी घरोघरी माहीत हव्यात.

आणि तिसरी गोष्ट आपली, विद्यार्थ्यांची. ‘इथंच वडखळला तर जायचंय’ म्हणून हँडलला अडकवलेले हेल्मेट डोक्यावर यायला हवे, हे तर झालेच. पण राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी झाडे लावतो, गटारे साफ करतो. एका वर्षी पेण ते नागोठणे रस्ता पायी चालून, कुठे कुणाचा जीव गेला, कुठे दिवा नाही, मुले कुठे ओलांडतात, याचा नकाशा का करू नये? तो प्रत्येक ग्रामसभेपुढे ठेवावा, तहसीलदारांकडे द्यावा, महामार्गाच्या कचेरीत पोच घेऊन द्यावा. नकाशावर एकाच वळणाशी चार फुल्या पडल्या, की ‘वेळ भरली होती’ असे म्हणणे कुणालाही जड जाईल. या कामाला कागद, पेन्सिल आणि चार रविवार पुरतील.