मेलेलं डुक्कर सरकारचं, जिवंत डुक्कर आमच्या भातात!

रत्नागिरी-सिंधुदुर्गातले शेतकरी, बागायतदार आणि मुंबईकर चाकरमानी यांना जाहीर आवाहन



भात पसवलं, लोंबीत दूध भरलं की रानडुकरांचा कळप खाली उतरतो. सकाळी मळ्यात जाऊन बघावं तर दोन कुणगे आडवे. लोंब्या चावून रस गिळलेला, तुसाचे चोथे चिखलात थुंकलेले. गांडुळांसाठी बांध उकरून काढलेला आणि त्या भगदाडातून वरचं पाणी खालच्या शेतात गेलेलं. जेवढं खाल्लं त्याहून लोळण्या-तुडवण्यात गेलेलं जास्त. बागायतीत गेलात तर नारळाची रोपं मुळासकट उपटलेली, सुरणाच्या जागी खड्डे. कणगर, रताळी, भुईमूग लावणं तर अनेकांनी कधीच सोडून दिलं. दारात विकतची रताळी येतात आणि परसाची जमीन मोकळी राहते.

यावर कायदा काय म्हणतो, ते नीट ऐका.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ११ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे की जनावरापासून माणसाला किंवा मालमत्तेला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी ते मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. त्या मालमत्तेत उभं पीकही धरलेलं आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे, म्हणजे हा रस्ता बंद झालेला नाही. त्याच कायद्याचं कलम ३९ सांगतं की अशा परवानगीने मारलेलं जनावर ही राज्य सरकारची मालमत्ता. ठीक आहे, मेलेलं डुक्कर सरकारने न्यावं. पण जे मेल्यावर तुमचं, ते जिवंत असताना आमच्या मळ्यात चरतं त्याचा खर्च कोणी सोसायचा? आज तो सोसतोय दोन-चार गुंठे भात लावणारा माणूस. वन्यजीव साऱ्या देशाचे आणि त्यांचा पोटखर्च मात्र आमच्या कणगीतून, हा कुठला न्याय?

परवानगी आहे ना, मग घ्या, असं सांगितलं जातं. घेऊन बघा. शेतीसंरक्षणाची बंदूक आजोबांच्या नावावर. आजोबा गेले, परवाना नातवाच्या नावावर होता होत नाही. परवाना असला तरी डुक्कर मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागतेच. त्यातून निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. विधानसभेचं मतदान २०१४ मध्ये १५ ऑक्टोबरला, २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला आणि २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला झालं. आचारसंहिता त्याच्या महिनाभर आधीपासून. नेमके भात पिकायचे आणि कापायचे दिवस! डुकरांना आचारसंहिता लागू नाही, हे कोणी तरी निवडणूक कचेरीत कळवावं.

भरपाईची तीच गत. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत अर्ज करा म्हणतात. अर्जाला सातबारा लागतो. कोकणातल्या सातबाऱ्यावर वीस नावं. त्यातले सात वारलेले, दहा मुंबई-ठाण्यात, एकाचा पत्ता कोणालाच माहीत नाही. सगळ्यांची संमतीपत्रं गोळा होईपर्यंत शेतातला पेंढा कुजून जातो. पंचनामा झालाच तर आडवं पडलेलं क्षेत्र नजरेने मोजतात. ताडोब्याच्या पश्चिम सीमेवरच्या शेतांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. नजरेने धरलेलं नुकसान प्रत्यक्ष उत्पन्नात आलेल्या घटीपेक्षा फार कमी भरतं, हे त्यातून दिसलं. बांध पुन्हा घालण्याची मजुरी आणि माळ्यावर डबे वाजवत जागवलेल्या रात्री यांना तर कागदावर रकानाच नाही.

आता जे शहरात बसून सांगतात की तुम्ही जंगल तोडलंत म्हणून डुक्कर गावात आलं, त्यांच्यासाठी दोन शब्द. आमच्याकडे उलट झालंय. पूर्वी वरकस जमिनीत नाचणी-वरी होती. तिथे आज घाणेरी आणि रानमोडी माजली आहे. डुकराला दिवसा लपायला घराच्या मागच्या गडग्यापर्यंत दाट झाडी आणि रात्री जेवायला पुढ्यात भात. मादी साडेतीन-पावणेचार महिन्यांत वितते आणि एका वेळी चार-सहा पिल्लं देते. बिबट्या त्यातली काही उचलतो, पण त्याने कळप आवरत नाही.

हे पडीक रान कोणाचं? कोकणातलं बरंचसं रान खाजगी मालकीचं आहे, म्हणजे आपलंच. चाकरमान्यांनो, राग मानू नका. गणपतीला येता, पाच दिवस आरत्या म्हणता, जाताना शेजाऱ्याच्या घरचे तांदूळ बांधून नेता. तुमच्या पडीक जमिनीत दिवसा झोपणारं डुक्कर त्याच शेजाऱ्याचा मळा रात्री खातं. जमीन कसायला जमत नसेल तर ज्याला जमतं त्याला लेखी कराराने द्या. निदान मळ्यालगतची झाडी साफ करायला पैसे पाठवा आणि संमतीपत्रावर सही करा. तेवढंही होणार नसेल तर कोकणच्या प्रेमाचे गोडवे गाऊ नका.

आणि गावातल्यांनो, आपलेही कान धरायला हवेत. कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडणं हा गुन्हा आहे आणि त्या तारेला चिकटतो तो अनेकदा पहाटे पाणी बघायला गेलेला आपलाच माणूस किंवा गोठ्यातली गाय. फाशात बिबटे अडकतात. गावठी बॉम्ब कुत्र्याच्या तोंडात फुटतात. २०२० मध्ये केरळात एक गाभण हत्तीण अशाच स्फोटकाने हाल होऊन मेली आणि देशभर शेतकऱ्याच्या नावाने बोटं मोडली गेली. अशा उपायांना या पत्रकाचा पाठिंबा नाही. आपली बाजू खरी असताना ती मातीत घालणारे हे उद्योग आहेत.

झटका कुंपणाचंही एक सांगायला हवं. एकाने लावलं की कळप त्याला वळसा घालून शेजारच्या मळ्यात शिरतो. अनुदान एकेकट्याला, अर्ज एकेकट्याचा, राखण एकेकट्याची. डुक्कर मात्र कळपाने येतं. इथेच आपण हरतोय. हा प्रश्न एका खातेदाराचा नाही, अख्ख्या वाडीचा आहे, आणि सरकारने तो तसाच हाताळला पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या:

१. कुंपणाचं अनुदान सलग मळ्याला द्या. पूर्ण वाडीच्या शेतीभोवती एकच सौर कुंपण, देखभाल ग्रामपंचायतीकडे.

२. परवानगीचा अधिकार गावाजवळ आणा. केरळने २०२२ मध्ये पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकरांबाबत निर्णयाचे अधिकार पंचायत अध्यक्षांना दिले. तिथे जमतं ते इथे का नाही? गोळी प्रशिक्षित माणसानेच घालावी आणि प्रत्येक जनावराची नोंद व्हावी, ही अट आम्हाला मान्य आहे.

३. भरपाई उत्पन्नातल्या घटीवर ठरवा. सामाईक सातबाऱ्यावर प्रत्यक्ष कसणाऱ्याचा पीकपेरा आणि ग्रामपंचायतीचा दाखला पुरेसा धरा.

४. शेतीसंरक्षणाच्या बंदुका निवडणुकीत सरसकट जमा करू नका. वारसांचे अर्ज ठरलेल्या मुदतीत निकाली काढा.

५. पीकविम्यात वन्यप्राण्यांच्या नुकसानीचं संरक्षण खरीप २०२६ पासून देण्याचं केंद्राने जाहीर केलं आहे. कोणती जनावरं आणि कोणते जिल्हे, हे राज्याने कळवायचं आहे. त्या यादीत रानडुक्कर आणि आपले दोन्ही जिल्हे आलेच पाहिजेत.

ही पाचवी मागणी आपल्याच हातात अडकलेली आहे. जिल्हे ठरणार आधीच्या नुकसानीच्या नोंदींवरून. ‘मिळणार काय, हजार रुपये? कोण खेटे घालणार?’ म्हणत आपण अर्जच केले नाहीत. सरकारी दप्तर उघडलं तर आपल्या वाडीत डुक्कर कधी आलंच नव्हतं! तेव्हा यंदा कुणगा गेला असो की चार माडाची रोपं, प्रत्येक नुकसानीचा फोटो काढा आणि तीन दिवसांत अर्ज टाका. पैसे मिळोत न मिळोत, नोंद झाली पाहिजे.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला घरटी एक माणूस आलाच पाहिजे. बायकांनी तर यावंच, कारण दिवसभर मळा राखतात त्या. वरच्या पाच मागण्यांचा ठराव मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या, सह्या करा. ठरावाची एक प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना, एक तहसीलदारांना, एक आमदारांना द्या. आणि तिन्ही ठिकाणी शिक्क्यानिशी पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.

आपले,
भात लावणारे आणि राखणारे समस्त शेतकरी