शर्यतीआधी घोडा तयार करावा लागतो

दारव्ह्यात वेगाची गोष्ट निघाली की वडीलधारी माणसं हमखास शकुंतलेचं नाव काढतात. मूर्तिजापूर-यवतमाळची ती अरुंद रुळांची आगगाडी आमच्या मोतीबाग स्टेशनावरून जायची, १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर. मधेच उतरून, पाय मोकळे करून पुन्हा त्याच गाडीत चढल्याचे किस्से सांगणारे आजही भेटतात. त्यातले किती खरे, हा वेगळा विषय. अशा गावातला आमचा भाचा यंदा कोइम्बतूरला जाऊन शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवायला शिकून आला. दोन दिवसांची शिकवणी, गाडी स्वतःची. स्वतःची म्हणजे घरची, २०१३ ची स्विफ्ट. आमची बहीण दर महिन्याला शुगर दाखवायला यवतमाळला जाते, ती याच गाडीतून.

आई तयार कशी झाली, असं आम्हाला बऱ्याच घरांतून विचारलं गेलं. ती सहजी तयार झाली नाही. शब-ए-बरातच्या रात्री इबादतीला म्हणून घरातून निघालेली मुलं मोटारसायकली घेऊन रस्त्यावर काय करतात, हे मुंबईपासून आपल्या तालुक्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री दिग्रस रोडवर पैज लागली आणि ओळखीतल्या एका मुलाच्या पायात सळई घालावी लागली. आमचा भाचा त्या टोळीत होता, हे आम्हाला चार महिन्यांनी कळलं. रागावून झालं, मोटारसायकलची चावी काढून घेऊन झाली. वेगाची ओढ काही चावीबरोबर कपाटात गेली नाही. मग त्यानंच या शिकवणीची माहिती काढली, दुकानातल्या पगारातून पैसे साठवले आणि अम्मीसमोर कागद ठेवला. बहिणीनं तो कागद आमच्याकडे सरकवला. "मामूनं गाडी पाहायची. मामू हो म्हणाला तर माझी हरकत नाही." म्हणजे सगळा भार आमच्या डोक्यावर.

आम्ही विचार केला तेव्हा सहीह बुखारीतली घोड्यांच्या शर्यतीची हदीस आठवली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदिनेत घोड्यांची शर्यत लावली होती. तयार केलेले घोडे हफयापासून सनियतुल वदापर्यंत धावले, हे अंतर रावी पाच-सहा मैल सांगतात. ज्यांची तयारी झालेली नव्हती त्यांच्यासाठी सनियतुल वदापासून बनू जुरैकच्या मशिदीपर्यंतचा, साधारण मैलभराचाच पल्ला होता. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) त्या स्वारांपैकी एक होते. ही हदीस आपण घोडेस्वारीच्या कौतुकासाठी सांगतो. आमचं लक्ष या वेळी दुसरीकडे गेलं. घोडा तयार करण्याची एक रीतच होती. आधी भरपूर खाऊ घालून त्याला भरायचं, मग खुराक बेतानं उतरवायचा, झूल पांघरून बंद जागेत ठेवून घाम काढायचा, म्हणजे चरबी जाऊन अंग कसलं जातं. आणि ज्याची ही तयारी झाली नाही, त्याला मैदानातून हाकलून दिलं गेलं नाही, त्याचा पल्ला कमी केला गेला. नव्या पोराला ट्रॅकवर नेऊन शिकवणं म्हणजे दुसरं काय?

दिग्रस रोडवरच्या पैजेबद्दल वेगळं सांगायला नको. लागलेली रक्कम जुगार आहे आणि रस्त्यावरची शर्यत गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलगा अठराच्या आतला असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पोराच्या हातात बुलेट देऊन कौतुकानं पाहणाऱ्या अब्बांनी हे वाचून ठेवावं.

आपल्या देशात मोटारींच्या शर्यतीचे बंदिस्त ट्रॅक मोजकेच आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाचा २०११ मध्ये सुरू झालेला, आणि कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे. एस. करिवर्धन या शर्यतपटूचं नाव दिलेला हा कोइम्बतूरचा ट्रॅक २००३ चा, लांबीला दोन किलोमीटरहून थोडा अधिक. महाराष्ट्रात कोल्हापूरला कार्टिंगचा ट्रॅक आहे, पण तिथे आपली घरची गाडी चालत नाही. हा खेळ श्रीमंतांचा आहे आणि आपल्यातलं कोणी त्यात नाही, असं बहीण म्हणाली तेव्हा आम्ही चेन्नईच्या दोन नावांची आठवण दिली. अकबर इब्राहिम स्वतः शर्यती चालवून पुढे नव्या मुलांचे उस्ताद झाले आणि देशातल्या मोटारस्पोर्ट्स फेडरेशनचे अध्यक्षही झाले. अलिशा अब्दुल्लाह ही मुलगी मोटारसायकलवर आणि कारमध्येही मोठमोठ्या शर्यतींत उतरली. तिचे वडील आर. ए. अब्दुल्लाह हे मोटारसायकलींचे जुने राष्ट्रीय विजेते. श्रीमंतांचा खेळ आहे, हे मात्र बहिणीचं खरंच आहे.

गाडी आम्ही यवतमाळ रोडवरच्या उस्तादांकडे नेली. भाच्याच्या खिशात यादी होती. रुंद चाकं, घुमणारा सायलेन्सर, वेगळा एअर फिल्टर. उस्तादांनी यादी वाचली, घडी घातली आणि चहाच्या कपाखाली ठेवली. "शिकायला जातो ना? मग ताकद आहे तेवढी पुरे. थांबायचं पाहू." कंपनीनं दिलेल्या रचनेत मोठे फेरफार करणं कायद्यालाही मान्य नाही, ही गोष्ट आम्ही पुरवणी म्हणून जोडली.

पहिलं झाकण उघडलं ते ब्रेक ऑइलचं. आत तेल काळपट चहासारखं. हे तेल हवेतला ओलावा पीत राहतं, हे आपल्याला कोणी सांगत नाही. डॉट ४ प्रतीचं तेल नवं असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच हद्द १५५ वर येऊ शकते. डॉट ३ ची हद्द आणखी खाली, नव्याची २०५ आणि मुरलेल्याची १४०. तेल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. मग पाय थेट तळाला जातो आणि गाडी थांबत नाही. दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर ब्रेक सहसा एवढे तापत नाहीत. ट्रॅकवर एका फेरीत तीन-चारदा जोरात दाबायचे, अशा दहा फेऱ्या, मधे उसंत नाही. म्हणून सगळं जुनं तेल काढून चारही चाकांतून नवं खेळवलं. डॉट ५ चा डबा मोठा आकडा पाहून कोणी उचलू नये. ते सिलिकॉनचं असतं, या तेलांत मिसळत नाही.

मग मागचं उजवं चाक काढून ड्रम उघडला, आणि उस्ताद बोलायचे थांबले. व्हील सिलिंडर पाझरत होता. लायनर तेलानं भिजलेला, त्यावर धूळ बसून काळा लेप झालेला. म्हणजे मागच्या एका चाकाला ब्रेक जवळजवळ नव्हताच. आम्ही ती गाडी कित्येकदा चालवली आहे. पॅडल जरा खाली जातं, हे आम्हाला माहीत होतं. दोनदा दाबलं की ठीक लागतं, असं आम्हीच भाच्याला शिकवलं होतं. मागच्या वर्षी एका ठिकाणी सर्व्हिसिंग केलं तेव्हाच्या पावतीवर 'ब्रेक साफ केले' असं लिहिलेलं आहे आणि पैसेही घेतलेले आहेत. त्या पावतीवर विश्वास ठेवून बहीण वर्षभर मागच्या सीटवर बसून यवतमाळला जात होती, दोन वेळा तर मुसळधार पावसात. भाचा शर्यतीच्या शाळेत जायचं म्हणाला नसता, तर तो ड्रम कोणी कशाला उघडला असता? उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा, हे आम्ही पुष्कळ बयानांत ऐकलं आहे. दोरी कुजली आहे का, हे पाहायचं मात्र राहून गेलं.

मागचे दोन्ही सिलिंडर आणि लायनर बदलले, पुढे नवे पॅड घातले. नवे पॅड घालून थेट ट्रॅकवर जाऊ नये. आधी दोन-तीनशे किलोमीटर साध्या रस्त्यावर चालवून ते डिस्कवर बसू द्यावेत.

टायरची नक्षी चांगली होती. उस्तादांनी टायरच्या बाजूवर बोट ठेवलं: २२१६. म्हणजे २०१६ सालचा बाविसावा आठवडा. गाडी कमी चालली म्हणून नक्षी शिल्लक, पण रबर टणक झालेलं आणि कडेला बारीक भेगा. चार टायरचे पैसे ऐकून भाच्याचा चेहरा उतरला. निम्मे आम्ही दिले. यात उपकार नव्हता, पॅडलबद्दलचा मघाचा हिशेब होता. बाकीची तपासणी लवकर झाली. चाक उचलून वर-खाली धरून हलवायचं, म्हणजे बेअरिंगचा ढिलेपणा कळतो. डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवलं की स्टीअरिंगचे सांधे कळतात. अ‍ॅक्सलचं रबरी बूट फाटलेलं नाही ना, बॅटरी पट्टीनं आवळलेली आहे ना, इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत आहे ना, कारण लांब वळणावर ते एका बाजूला सरकतं. चाकांचे नट टॉर्क पान्यानं कंपनीच्या मापाला आवळले. पायानं पाना दाबून आवळायची आपली रीत उस्तादांनाही आवडत नाही, असं त्या दिवशी कळलं. ते एरवी तसंच आवळतात.

गाडी रिकामी करणं हे खरं तर घरच्या बायकांचं राज्य आहे, म्हणून ते बहिणीच्या अंगणात केलं. डिकीतून जॅक, स्टेपनी, पाण्याचा कॅन, सुतळीचा गुंडा, जायनमाज, एका लग्नातल्या मिठाईचा रिकामा डबा निघाला. सीटखाली पाण्याची बाटली होती. जोरात ब्रेक दाबला की अशी बाटली घरंगळत पुढे येऊन पॅडलखाली अडकते, म्हणून ट्रॅकवर गाडीत सुटं काहीच ठेवू देत नाहीत. पायपुसणीही काढायची. शेवटी राहिली आरशाला टांगलेली तसबीह. ती बहिणीनं उमऱ्याहून आणली होती. भाच्यानं आमच्याकडे पाहिलं, आम्ही बहिणीकडे. वळणावर ती डोळ्यांसमोर झुलते, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिनंच हात घालून ती काढली, ओढणीनं पुसली आणि आत घेऊन गेली.

कपड्यांत नायलॉन, पॉलिस्टर नको, कारण ते आगीत वितळून अंगाला चिकटतं. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पातळ तळव्याचे बूट बरे. हेल्मेटचं आधी विचारून घ्यावं. कारच्या शर्यतीच्या हेल्मेटचं अस्तर आग सहन करणारं असतं, मोटारसायकलच्या हेल्मेटचं तसं नसतं. काही शिकवण्या भाड्यानं देतात. विम्याची गोष्ट मात्र कोणी आपण होऊन सांगत नाही. खासगी गाडीच्या पॉलिसीत आखलेल्या शर्यती आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. ट्रॅकवर गाडी ठोकली, तर खर्च स्वतःचा. म्हणून भाच्याला परतीच्या दोन रेल्वे तिकिटांचे पैसे वेगळे बांधून दिले होते.

पांढरकवड्याला हैदराबादचा महामार्ग पकडून, पुढे बेंगळुरू आणि सेलम करत तो आणि त्याचा चुलतभाऊ दोन दिवसांत पोहोचले. आम्ही गेलो नाही. फोनवर जेवढं कळलं तेवढं सांगतो. पहिल्या सकाळी गाडीची तपासणी झाली, पुढे टो-हुक लावून घेतला, काचेवर टेपनं नंबर चिकटवला. मग वेगाचं नावही न काढता बसायचं कसं हे शिकवलं. सीट अशी सरकवायची की पाठ टेकलेली असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर पडेल. नजर बोनेटवर नाही, पुढच्या वळणावर. ब्रेक सरळ रेषेत, वळणाच्या आधी. प्रत्येक फेरीसत्राची शेवटची फेरी सावकाश, ब्रेक थंड व्हायला. थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गियरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायचा. गाडी थंड झाल्यावर नट पुन्हा तपासायचे. "मामू, दिग्रस रोडला आम्हाला वेग येत होता असं वाटायचं," तो म्हणाला. पुढचं बोलला नाही.

गाडी परत आली तेव्हा पुढचे पॅड निम्मे झिजले होते, टायरच्या कडा खरबरीत झाल्या होत्या, बाकी ओरखडा नव्हता. पुढच्या सोमवारी भाचा अम्मीला यवतमाळला घेऊन गेला. निघण्याआधी त्यानं सीटखाली हात घालून पाहिला, टायर दाबून पाहिले, ब्रेक ऑइलची खूण पाहिली. बहीण दारात पर्स घेऊन उभी, उशीर होतोय म्हणून कुरकुरत. तसबीह तिच्या हातात होती. आरशाला टांगायला तिनं हात वर केला, थांबली, आणि पर्समध्ये ठेवली.